न खपलेले नांगर आणि नापासांची वाडी

किर्लोस्करवाडी हे सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले, पुणे-मिरज लोहमार्गावरचे कारखान्याचे गाव. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी १० मार्च १९१० रोजी ते वसवले. तेव्हा तिथे निवडुंगाने भरलेला माळ होता आणि शेजारच्या स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. वसवणारा माणूस चाळीस वर्षांचा होता. चित्रकलेचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले, नोकरी सोडलेली, बेळगावातला कारखाना जागेवरून उठलेला, आणि ज्या लोखंडी नांगरावर सारी भिस्त ठेवली तो सुरुवातीची दोन वर्षे कोणी हातात धरला नव्हता, अशी त्याची तोवरची जमा होती. त्याच्याबरोबर माळावर उतरलेल्या मंडळींतही शाळेने आणि समाजाने वाया गेलेले ठरवलेले लोक बरेच होते. वाडीचा इतिहास पुढे यशाचा म्हणून सांगितला गेला, आणि तो तसा आहेही. पण ते यश कशाचे बनले होते हे कळायला आधीच्या वीस-बावीस वर्षांचा हिशेब उलगडून पाहावा लागतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यात, मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूर इथे झाला. घराणे मूळचे कोकणातल्या किर्लोशीचे, त्यावरूनच आडनाव पडले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे. अण्णासाहेबांनी तरुणपणी काढलेली नाटकमंडळी चालली नाही, मग त्यांनी मास्तरकी केली, सरकारी खात्यांत चाकरी केली, आणि १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. एका लहानशा गावातून निघालेल्या या दोघांनाही आपले खरे काम उशिरा सापडले.

त्या काळी मुलाचे भवितव्य एका परीक्षेवर ठरू लागले होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, दोन वर्षांनी मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली आणि बघता बघता ती परीक्षा म्हणजे कचेरीचा दरवाजा होऊन बसली. कारकुनी असो, मास्तरकी असो की वकिली, सगळ्या वाटा तिथून जात. याच काळात मराठीला ‘नापास’ हा शब्द मिळाला. फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांची ही जोडणी इतकी घट्ट बसली की तिच्यासाठी दुसरा शब्द शोधायची कुणाला गरज वाटली नाही. त्याआधी मुलगा मंद असे, उनाड असे, वेदपाठात कच्चा असे. तरी त्याच्या कपाळावर एका दिवसात, एका निकालपत्राने शिक्का बसत नसे. सुताराच्या घरचे पोर पहिली पाभर वेडीवाकडी करी आणि दुसरी बरी करी. तिथे चुकणे हा शिकण्याचाच भाग धरला जाई. छापील निकालाने चुकण्याला माणसाची ओळख करून टाकले. किर्लोस्करवाडीवर पुढे जे घडले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर जास्त कळते.

लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रे उघडून पाहावीत, या दोन गोष्टींची ओढ होती. थोरल्या भावांच्या आधारावर ते १८८५ साली मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षे शिक्षण झाले आणि मग एक अशी अडचण उघड झाली की जिच्यावर अभ्यासाचा किंवा जिद्दीचा इलाज नव्हता. त्यांना रंगांधत्व होते. रंगांतला फरक डोळ्यांनाच कळत नसेल तर रंगचित्रकार होण्याची वाट तिथेच बंद होते.

अपयशाचे सगळे प्रकार सारखे नसतात आणि हा प्रकार सर्वांत निरुत्तर करणारा. यात ‘पुन्हा प्रयत्न कर’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही. लक्ष्मणरावांनी जे केले ते फार साधे होते. रंग गेले तरी रेषा हातात होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला. यंत्राच्या आराखड्यात रंगाला काम नसते. तिथे माप, प्रमाण आणि छेद यांना किंमत असते. एखादा दट्ट्या नळकांड्यात कसा सरकतो, चाकाचा दाता दुसऱ्या चाकात कुठे अडकतो हे कागदावर नेमके दाखवता आले पाहिजे. या कामात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नेमण्यात आले. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेतली यंत्रे त्यांनी हाताळली, खोलली, जोडली. पुढच्या सगळ्या उद्योगाला लागलेले ज्ञान बहुतेक इथलेच, आणि ते त्यांना रंगाच्या वाटेवरून परत फिरावे लागले म्हणून मिळाले.

याच सुमारास सायकलींचा व्यवहार सुरू झाला. दोन्ही चाके सारख्या आकाराची, साखळीने चालणारी सायकल १८८५ नंतर प्रचारात आली होती आणि हिंदुस्थानात ती श्रीमंतांच्या व गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हौसेची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि तिथे असलेले थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाची सुरुवात १८८८ सालच्या या दुकानापासून धरली जाते. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. बेळगावात लष्कराची छावणी असल्याने गिऱ्हाईक मिळे. शहरातल्या किर्लोस्कर रोडने त्या दिवसांचे नाव अजून जपले आहे.

मुंबईची नोकरी १८९७ साली सुटली. बढतीची जागा रिकामी झाली, ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, पण एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. ‘नोकरी सोडली आणि उद्योजक झाले’ असे हे वाक्य आज सहज लिहिले जाते. तेव्हाच्या मध्यमवर्गीय घराला बांधलेला पगार सोडणे म्हणजे घराला आग लावण्यासारखे वाटे, आणि ब्राह्मणाच्या मुलाने घणहातोडा हाती धरण्याला लोक काय म्हणत याची कल्पना करता येते.

बेळगावात सायकलींच्या जोडीला पवनचक्क्यांची एजन्सी घेऊन पाहिली. मग स्वतः काहीतरी घडवायचे म्हणून कडबा कापण्याचे यंत्र केले. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला तर ती पाला खातात, धाटे तुडवतात. तोच बारीक कापून दिला तर वैरण वाया जात नाही. फायदा डोळ्यांना दिसत असल्याने यंत्राला मागणी आली. बाहेरून आणून विकणारे दुकान इथून कारखाना झाले. कडबा यंत्राच्या या बऱ्या अनुभवावर विसंबून, विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले, आणि तिथे मात्र त्यांची गाठ एका वेगळ्याच अडचणीशी पडली.

लोखंडी नांगर का चालला नाही हे समजण्यासाठी लाकडी नांगराकडे नीट पाहिले पाहिजे. देशावरचा जुना नांगर बाभळीचा असे. त्याला लांब हळस, मागे धरायला रुमणे, आणि टोकाला लोखंडी फाळ. हा नांगर जमीन चिरत जाई, पण माती उलथत नसे. दोन तासांच्या, म्हणजे फाळाने पाडलेल्या चरांच्या, मधे न फुटलेली पट्टी राहून जाई. कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जोडावे लागत. हराळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या खोल असतात. नुसत्या चिरण्याने त्या मरत नाहीत, उलट तुकडा तुकडा होऊन शेतभर पसरतात. विलायतेहून येणाऱ्या लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पत्रा असे. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्या पत्र्यावर चढे आणि उलटा होऊन पडे. मुळ्या वर, उन्हाला. उन्हाळी नांगरटीत वैशाखाचे ऊन खाऊन हराळी वाळून जाई. कुणीही शेतात उभे राहून हे पाहिले तर वादाला जागा राहू नये. लक्ष्मणरावांनी याच जातीचा नांगर इथल्या इथे ओतून काढला.

दोन वर्षे तो पडून राहिला.

शेतकऱ्यांचा समज होता की लोखंड जमिनीत इतके खोल गेले तर जमिनीला विष चढते. ही गोष्ट सांगताना सांगणारा बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखवून पुढे जातो. तसे करणे अन्यायाचे आहे. लाकडी नांगर गावातला सुतार घडवी, फाळ गावातला लोहार शेवटी. दोघांनाही वर्षाचे बलुते धान्यात मिळे. नांगर मोडला तर दुपारपर्यंत दुरुस्त होऊन परत शेतात येई आणि रोख पैसा लागत नसे. ओतीव लोखंडाची गोष्ट निराळी. ते तापवून ठोकले की वाकत नाही, तडकते. गावच्या लोहाराला त्याची दुरुस्ती येणे शक्यच नव्हते. वाफसा आलेला असताना, चार दिवसांत नांगरट उरकायची असताना फाळ तुटला तर बेळगावहून नवा येईपर्यंत हंगाम निघून जायचा. शिवाय किंमत रोखीत. एका वर्षाचे पीक बुडणे म्हणजे सावकाराच्या वहीत नाव चढणे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने अनोळखी वस्तूपासून दूर राहणे हा शहाणपणाच होता. ‘विष चढते’ या शब्दांत ही सगळी धास्ती गोळा झालेली होती.

आणि ओतीव लोखंडाच्या अंगी दोषही होते. ते मऊ राहिले तर मुरमाड जमिनीत फाळाचे टोक बघता बघता झिजते. फार कडक झाले तर दगडावर आपटून तुकडा पडतो. ते नेमके किती कडक असावे हे भट्टीत काय घातले, किती तापवले आणि साच्यात रस किती वेगाने थंड झाला यावर ठरते. हे पुस्तकात वाचून येत नाही.

ओतकामाची रीतच अशी आहे की तिच्यात बिघडलेला माल रोज पाहावा लागतो. आधी नांगराच्या भागाचा लाकडी नमुना करतात. दोन भागांच्या पेटीत ओलसर वाळू ठासून तिच्यात तो नमुना दाबतात, पेटीचे दोन भाग अलगद वेगळे करून नमुना काढून घेतात. वाळूत त्याच्या आकाराची पोकळी उरते. भट्टीतून आलेला लोखंडाचा रस पळीने त्या पोकळीत सोडतात. वाळू जास्त ओली असेल तर वाफ कोंडून लोखंडात फुगा धरतो. रस थंड असेल तर कोपरा भरत नाही. निवाल्यावर पेटी फोडतात, वाळू झटकतात, आणि तेव्हाच कळते की वस्तू साधली की फसली. फसलेली वस्तू टाकून देत नाहीत. ती फोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीत घालतात. जाणता ओतारी मात्र फोडण्यापूर्वी तिच्याकडे बारकाईने बघतो. फुगा कुठल्या बाजूला धरला आहे यावरून वाळूत कुठे चूक झाली हे त्याला वाचता येते. रंगाच्या बाबतीत डोळे अधू असलेल्या लक्ष्मणरावांना हे वाचन साधले.

दोन वर्षांनी पहिला नांगर विकला गेला आणि मग हळूहळू मागणी वाढली. ही दोन वर्षे बहुतेक चरित्रांत एका ओळीत संपतात. वास्तविक सगळा अर्थ त्या दोन वर्षांत आहे. त्या काळात कामगारांचे पगार द्यावे लागले, कोळसा आणि लोखंड घ्यावे लागले, घर चालवावे लागले. ते सारे कडबा यंत्रांवर आणि भावांच्या पाठबळावर चालले. रामुअण्णा नसते तर न खपलेले नांगर भंगारात निघाले असते आणि लक्ष्मणराव पुन्हा कुठे तरी शिकवायला गेले असते. अपयशातून माणूस शिकतो हे खरे; मात्र शिकून होईपर्यंत त्याचा भार उचलणारे कुणी असावे लागते. ज्यांना ते मिळाले नाही अशा किती कारागिरांची यंत्रे पहिल्याच वर्षी मोडीत गेली असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

नांगराचे जरा बरे चालू लागते तोच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. कारखाना होता तो भाग नव्या वस्तीसाठी हवा म्हणून नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितले. शहरात दुसरी सोयीची जागा मिळेना. हाताशी बसलेली भट्टी, ठरलेले कामगार, ओळखीचे गिऱ्हाईक हे सगळे उचलून न्यायचे कुठे, हा प्रश्न होता. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचे काम करत होते. औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, कीर्तन करणारे आणि स्वतः उत्तम चित्रे काढणारे असे हे राजे. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात जागा निवडायला सांगितली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. रंग ओळखता न आल्याने चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला आधार मिळाला तो एका चित्रकार राजाचा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. ब्रिटिश आणि इतर संस्थानी प्रदेशांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातल्या कुंडलच्या तुकड्यात, रेल्वे स्टेशनाला लागून असलेली बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी पसंत केली. तिचा गुण एकच, तो म्हणजे रेल्वे. कोळसा उतरवायला आणि नांगर चढवायला स्टेशन दारात. बाकी सगळी उणीवच. पाण्याची वानवा, निवडुंगाची बेटे, आणि त्यात सापांचा सुळसुळाट. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बेळगावहून आली. परदेशांतल्या कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. आपलाही कारखाना असा असावा, की भट्टीइतकीच घरांची, शाळेची, पाण्याची काळजी घेतली जावी, ही कल्पना बेळगावच्या गल्लीत अमलात येणे शक्य नव्हते. उठवले गेले म्हणून ती माळावर शक्य झाली.

या वसाहतीची घडी बसवणारी माणसे कोण होती, तिथे या इतिहासाचा गाभा आहे. शंभोराव जांभेकर विद्यार्थी म्हणून अयशस्वी ठरलेले. वाडीवर तेच इंजिनिअर झाले, व्यवस्थापक झाले, रस्ते आणि घरे आखणारे झाले आणि वेळप्रसंगी आजाऱ्यांना औषध देणारे डॉक्टरही झाले. के. के. कुलकर्णी हेही परीक्षांत मागे पडलेले. ते वाडीचे व्यवस्थापन पाहत, बाहेरच्या जगाशी बोलणी करत, कायद्याच्या बाबतीत सल्ला देत. अनंतराव फळणीकरांनी शाळा मधेच सोडली होती, आणि यंत्रांच्या बाबतीत त्यांच्याइतकी कल्पक बुद्धी वाडीवर दुसऱ्या कुणाची नव्हती असे मानले जाई. हिशेब आणि कारकुनी मंगेशराव रेग्यांकडे. मोठ्या शहरातल्या कारखान्याने अर्ज आल्या आल्या बाजूला सारले असते, अशी यांतली बहुतेक नावे.

लक्ष्मणरावांकडे दुसरा इलाज नव्हता, असेही म्हणता येईल. शिकलेला इंजिनिअर कुंडल रोडच्या माळावर यायला तयार होणार नव्हता आणि त्याला देण्याइतका पगारही नव्हता. हे कारण खरे आहे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. नाइलाजाने घेतलेल्या माणसाला नाइलाजाचीच कामे दिली जातात. इथे तसे झाले नाही. जांभेकरांच्या हाती गावाची आखणी देण्यात आली, फळणीकरांच्या हाती यंत्रे. माणसाला काय येत नाही याची यादी शाळेने आधीच करून ठेवलेली होती, त्यामुळे काय येते एवढेच पाहायचे उरले होते. रंग येत नाहीत पण रेषा येते, हा शोध लक्ष्मणरावांनी विशीच्या आत स्वतःच्या बाबतीत लावला होता. दुसऱ्यांकडे पाहण्याची त्यांची नजर तिथेच तयार झाली असे मानायला जागा आहे.

याहून धाडसाचा निर्णय राखणदारांच्या बाबतीतला. उघड्या माळावरच्या वस्तीला चोर-दरोडेखोरांचे भय होते. लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण ज्यांच्याकडे दिली ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे एकेकाळचे दरोडेखोर. या दोघांची आडनावे इतिहासाने नोंदवली नाहीत. जातीच तेवढ्या नोंदवल्या, यावरूनच त्या काळाची कल्पना यावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याचा पायंडा पाडला होता आणि १९११ साली तो कायदा मुंबई इलाख्यालाही लावला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर पडता येत नसे. त्याच दशकात, तिथून फार लांब नसलेल्या एका माळावर, शिक्षा भोगलेली दोन माणसे कारखान्याच्या किल्ल्या सांभाळत रात्रभर गस्त घालत होती. विश्वास टाकला तो वाया गेला नाही. परीक्षेत नापास होणे आणि कायद्याने गुन्हेगार ठरणे यांत मोठे अंतर आहे, दुसऱ्याची वेदना पहिल्याच्या कैक पट. पण दोन्ही ठिकाणी बाहेरून मारलेला शिक्का माणसाला पुसू द्यायचा की नाही, हा प्रश्न एकच होता. औंध संस्थानात या विचाराला पुढे आणखी एक फळ आले: १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत स्थापन झाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे बीज तिच्यातलेच. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले.

वाडी वसून चार-पाच वर्षे होतात न होतात तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. बाहेरून येणारा कोळसा, लोखंड, रंग यांची आवक आटली. विलायती नांगर येईनासा झाल्याने मागणी वाढली, पण ओतायला माल नाही, अशी कोंडी झाली. नांगराला लावायचा रंग वाडीवरच करून पाहिला गेला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, ही आठवण त्या भागात आवर्जून सांगितली जाते. युद्ध संपेपर्यंत किर्लोस्कर नांगर हे नाव देशावरच्या गावागावांत पोचले होते. लोखंड विषारी असल्याची भाषा मागे पडली होती. सुटे फाळ तालुक्याच्या दुकानांत मिळू लागले होते, आणि शेतकऱ्याची जी खरी धास्ती होती तिचे उत्तर यातच होते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची बातमी देणारे लहानसे पत्रक म्हणून निघालेले हे नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारे एक केंद्र या माळावर तयार झाले. हा विषय स्वतंत्र आहे. इथे एवढेच नोंदवायचे की नांगर विकताना लोकांच्या मनातल्या समजुतींशी गाठ पडलेल्या घराने समजुती बदलण्याचे साधनही हाती घेतले.

नांगराच्या पुढचा प्रवास भराभर झाला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि १९२० च्या दशकात सेंट्रिफ्युगल पंप. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन १९२६ साली परतले आणि कारखान्यात आले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा नांगराची विक्री पुन्हा खाली आली. त्या वेळी बेळगावचा धडा कामी आला: एका वस्तूवर न अडता लोखंडी खुर्च्या-टेबले आणि कपाटेही केली गेली. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, असा विस्तार होत गेला. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवण्यात आला. मोठे नुकसान झाले. तो पुन्हा उभा करण्यात आला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले.

ज्या वस्तूने वाडी उभी केली ती आता शेतात फारशी दिसत नाही. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, आणि बैलांनी ओढायचा लोखंडी नांगर गोठ्याच्या भिंतीशी उभा राहून गंजला, मग भंगारवाल्याच्या गाडीवर चढला. तिथून तो कुठल्या ना कुठल्या भट्टीत पुन्हा वितळला असणार. कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले आहे. स्टेशनाशेजारच्या कारखान्यात आज पंप तयार होतात, आणि पंपाचे कवच अजूनही ओतूनच करावे लागते.